दोन प्रजाती, दोन उपप्रजाती, की एकच कीटक? घोळ कुठे होतो आणि कसा सोडवायचा

अडचण नेहमीची आहे. एकाच जीनसमधल्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एका गटातल्या, नमुन्यांच्या दोन पेट्या समोर आहेत. एका पेटीतले कीटक थोडे काळसर, दुसरीतले थोडे पिवळसर. पंखावरचा पट्टा इकडे रुंद, तिकडे अरुंद. ओळख पटवायची किल्ली, म्हणजे लक्षणांचा टप्प्याटप्प्याचा तक्ता, लावली की दोन्ही एकाच नावावर येऊन थांबतात. डीएनएचा बारकोड (ओळखीसाठी वाचलेला ठरावीक तुकडा) करून घेतला तर फरक दीड टक्का येतो, म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. मग कोणी म्हणतं नवी प्रजाती, कोणी म्हणतं उपप्रजाती, आणि कोणी म्हणतं काहीच नाही, उगाच नाव देऊ नका.

बहुतेक वेळा हा घोळ मोजमाप कमी पडल्यामुळे होत नाही, प्रश्न उलट्या क्रमाने विचारल्यामुळे होतो. आधी फरक मोजले जातात आणि ते दर्जा ठरवण्याइतके मोठे आहेत का यावर वाद सुरू होतो. पण किती फरक म्हणजे प्रजाती, असं माप कुठेच नाही. उपप्रजाती ही भूगोलाची गोष्ट आहे: एकाच प्रजातीच्या दोन उपप्रजाती एकाच जागी, एकाच हंगामात, वेगवेगळ्या राहून वीण करत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न हा की दोन्ही रूपं नकाशावर कुठे भेटतात आणि भेटल्यावर काय होतं. कॅलिपर, म्हणजे मोजमाप, त्यानंतर.

आधी खात्री करा की फरक एकाच आईच्या पिल्लांमधला नाही

निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच निकालात निघायला हवीत, पण ही पायरी गाळली जाते.

ऋतुरूपं सगळ्यात जास्त फसवतात. पीकॉक पॅन्सी, म्हणजे ज्युनोनिया अल्माना, पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला ठसठशीत डोळे मिरवते. कोरड्या महिन्यांत तेच फुलपाखरू खालून वाळलेल्या पानासारखं दिसतं आणि पुढच्या पंखाचं टोकही कोनदार होतं. लिनीयसने १७५८ साली या दोन रूपांना अल्माना आणि अस्टेरी अशी दोन वेगळी नावं दिली होती. कॉमन इव्हनिंग ब्राउनचंही तसंच. जूनमधले नमुने एका जिल्ह्यातले आणि जानेवारीतले दुसऱ्या जिल्ह्यातले असतील, तर तुम्ही दोन जिल्ह्यांची नव्हे, दोन ऋतूंची तुलना करत आहात.

दुसरा सापळा बहुरूपतेचा. कॉमन मॉर्मनच्या, म्हणजे पॅपिलिओ पॉलिटेसच्या माद्या भारतात तीन रूपांत दिसतात: सायरस नरासारखी, स्टिकियस कॉमन रोझची नक्कल करणारी, रोम्युलस क्रिमझन रोझची. तिन्ही एकाच कढीपत्त्यावर अंडी घालताना दिसू शकतात. हा सगळा खेळ डबलसेक्स नावाच्या एका जनुकाचा असल्याचं कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. दिसायला यांच्यात जेवढा फरक आहे तेवढा कित्येक पक्क्या प्रजातींमध्येही नसतो, आणि तरी यांना उपप्रजाती म्हणता येत नाही.

शेणकिड्यांमध्ये, विशेषतः ऑन्थोफॅगसमध्ये, अळीला खायला किती मिळालं यावर नराला मोठं शिंग येतं की नुसता उंचवटा राहतो हे ठरतं. नुकताच कोशातून बाहेर आलेला कीटक फिकट असतो. सायनाइडच्या बाटलीत जास्त वेळ राहिलेल्या गांधीलमाश्यांचा पिवळा रंग लालसर होतो. जुन्या अल्कोहोलमधल्या फळमाश्यांच्या पट्ट्यांवर तर कधीच विसंबू नका.

तपासायचा उपाय सोपा आहे. एका मादीची अंडी घ्या, दोन वाटे करा. एक वाटा साधारण २७ अंश सेल्सिअसला, १४ तास उजेडात वाढवा. दुसरा २० अंशांना, १० तास उजेडात. खाद्यवनस्पती दोन्हीकडे एकच, आणि पोटभर. दोन्ही रूपं एकाच आईकडून मिळाली की प्रकरण तिथेच मिटलं. नाही मिळाली तर निदान या दोन कारणांनी फरक पडत नाही एवढं कळलं. बहुरूपता मात्र या चाचणीत निसटू शकते, कारण एकाच आईची सगळी पिल्लं एकाच रूपाची निघू शकतात. त्यासाठी किमान पाच-सहा माद्यांची वीण वाढवावी लागते.

नकाशा: दोघं भेटतात का, आणि भेटल्यावर काय होतं

आता प्रत्येक नमुन्याचं ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि खाद्यवनस्पती नकाशावर मांडा. तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिलं: दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी प्रौढ अवस्थेत, आणि मधलं रूप सापडत नाही. मग फरक कितीही बारीक असो, या दोन प्रजाती आहेत. हिमालयातली मोठी मधमाशी, आपिस लॅबोरिओसा, बराच काळ आपल्या आग्या माशीची, म्हणजे आपिस डॉर्सॅटाची, डोंगराळ उपप्रजाती समजली जायची. पूर्व हिमालयात दोघींचा वावर एकाच भागात आढळतो, तरी मधली रूपं आढळत नाहीत. एक कारण नरांच्या वेळेत आहे: लॅबोरिओसाचे नर भर दुपारी उडतात, डॉर्सॅटाचे तिन्हीसांजेला. राण्या त्याच वेळी बाहेर पडतात, त्यामुळे गाठ पडायचा प्रश्नच येत नाही. असा फरक पेटीतल्या टाचणीवर दिसत नाही, म्हणून लेबलवर तारखेबरोबर वेळही लिहायची सवय लावा.

दुसरं: दोघं एका पट्ट्यात भेटतात आणि त्या पट्ट्यात मधली रूपं भरपूर. उत्तर अमेरिकेतलं लिमेनिटिस आर्थेमिस हे याचं ठरलेलं उदाहरण आहे. उत्तरेकडचं पांढऱ्या पट्ट्याचं आर्थेमिस आणि दक्षिणेकडचं निळसर, बिनपट्ट्याचं अ‍ॅस्टियानॅक्स दिसायला अगदी वेगळी फुलपाखरं आहेत. पण न्यू इंग्लंडपासून ग्रेट लेक्सपर्यंतच्या पट्ट्यात ती सर्रास मिसळतात. म्हणून उपप्रजाती. इथे पट्ट्याची रुंदी पाहावी लागते. पट्टा अरुंद असेल आणि वर्षानुवर्षं तसाच राहत असेल, तर संकर टिकत नसल्याची शंका घ्या. पिरेनीज पर्वतातल्या कोर्थिपस पॅरालेलस या नाकतोड्याच्या दोन उपप्रजातींचा प्रयोगशाळेत संकर केला की पहिल्या पिढीतले नर वांझ निघतात, आणि तरी डोंगरातल्या प्रत्यक्ष संकरपट्ट्यात तशी वांझता दिसत नाही. अशा जागी दोन जाणकार दोन उत्तरं देतील आणि दोघंही चुकीचे नसतील.

तिसरं चित्र: दोघं कुठेच भेटत नाहीत, मध्ये समुद्र किंवा दोनशे किलोमीटर कोरडं पठार. हे सगळ्यात अवघड, त्याकडे नंतर येऊ.

नकाशात एक खोट नेहमी असते. मधली जागा रिकामी दिसते ती कीटक नाहीत म्हणून, की तिथे कोणी गेलंच नाही म्हणून? संग्रहालयातले बहुतेक नमुने घाटमाथ्यावरच्या थंड हवेच्या ठिकाणांचे, अभयारण्यांचे आणि रस्त्याकडेचे असतात. रत्नागिरीचे वीस नमुने आणि वायनाडचे वीस नमुने घेतले तर दोन वेगळे कीटक दिसणारच. त्यांच्या मधल्या गोवा, कारवार, शिमोगा, कोडगूमधून नमुने आणले की तोच फरक हळूहळू सरकत गेलेला दिसू शकतो.

फळमाशीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, बॅ. पपाये आणि बॅ. फिलिपिनेन्सिस या तीन प्रजाती मादीच्या अंडं घालायच्या सुईची लांबी आणि नराच्या जननेंद्रियाची लांबी अशा मापांवर वेगळ्या धरल्या जात. थायलंडपासून मलेशियापर्यंतच्या द्वीपकल्पात ओळीने नमुने घेतल्यावर नराचं माप अंतराबरोबर हळूहळू बदलत गेलेलं दिसलं. तुटक उडी कुठेच नव्हती. आफ्रिकेत २००३ मध्ये सापडलेली आणि २००५ मध्ये बॅ. इन्व्हाडेन्स या नावाने वर्णन झालेली माशीही तीच निघाली. संकर, जनुकं, नरांची रसायनं आणि बाह्यरूप असे सगळे पुरावे एकत्र ठेवून २०१५ मध्ये पपाये (फिलिपिनेन्सिसही तिच्यातच धरून) आणि इन्व्हाडेन्स ही नावं डॉर्सॅलिसमध्ये विलीन झाली. बॅ. कॅरॅम्बोले मात्र वेगळी राहिली, कारण समागमाच्या चाचण्यांत ती आपल्याच जोडीदाराकडे झुकत होती. उपप्रजाती म्हणूनही पपाये ठेवली नाही, हे लक्षात घ्या: सलग उताराला मध्येच कुठेतरी रेघ मारून दोन नावं देण्यात अर्थ नसतो.

कोकणातल्या वाचकांना हे प्रकरण लांबचं वाटायला नको. फळमाशीमुळे युरोपीय संघाने २०१४ च्या मेपासून भारतीय आंब्याची आयात काही महिने बंद ठेवली होती. क्वारंटाइनच्या यादीत नाव कोणतं आहे यावर पेटी उतरते की परत जाते हे ठरतं.

नमुने किती आणि कसे

भेटीच्या पट्ट्यातून आडवी ओळ आखून पाच ते सात ठिकाणं निवडा. प्रत्येक ठिकाणी १५ ते २० नमुने, नर-मादी दोन्ही. दहापेक्षा कमी नमुन्यांवरून काढलेलं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप, भरवशाचं नसतं. सगळी ठिकाणं एकाच हंगामात करा. अभयारण्यात किंवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीतल्या कीटकांसाठी वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. ती नसेल तर पुढे शोधनिबंध अडकतो.

निम्मे नमुने टाचणीवर, निम्मे ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये. टाचणीवरच्या नमुन्याचा एक पाय काढून तोही इथेनॉलमध्ये ठेवा आणि दोन्हीवर एकच क्रमांक घाला. इथेनॉल दुसऱ्या दिवशी बदलायचं, कारण कीटकातल्या पाण्याने ते पातळ होतं. नंतर उणे २० अंशाला. फॉर्मॅलिन नको. ज्यांच्या डीएनएची गरज आहे ते इथाइल अ‍ॅसिटेटने न मारलेले बरे.

आंब्याच्या बागेतल्या फळमाश्या रक्षक सापळ्यातून गोळा करणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यातल्या मिथाइल युजेनॉल या आमिषाला फक्त नर येतात. मादीच्या सुईची लांबी त्यातून कधीच मिळणार नाही. त्यासाठी किडकी फळं घरी आणून वाळूवर ठेवायची आणि माश्या निघू द्यायच्या. शिवाय त्याच सापळ्यात बॅक्ट्रोसेराच्या डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टा या तिन्ही प्रजाती पडतात. भिंगाखाली आधी पंखाची पुढची कड बघा: डॉर्सॅलिसमध्ये तपकिरी पट्टा टोकापर्यंत अखंड जातो, झोनाटा आणि करेक्टामध्ये तो मध्येच तुटतो आणि टोकाशी नुसता डाग राहतो. मग चेहरा: करेक्टाच्या दोन काळ्या डागांची आडवी रेघ झालेली असते, झोनाटात ते सुटे असतात. एवढं वेगळं न करता तिघींची मापं एकत्र घातली की आलेखाला दोन उंचवटे येतात आणि दोन प्रजाती सापडल्याचा भास होतो.

मापं घेतली, आता आकडे काय सांगतात

उपप्रजातीसाठी जुना पंचाहत्तर टक्क्यांचा नियम आहे: एका लोकसंख्येतले किमान ७५ टक्के नमुने दुसरीतल्या जवळपास सगळ्यांपासून ओळखता यायला हवेत. हे आकड्यात तपासायला मायरचा फरक-गुणांक वापरतात. दोन सरासरींमधला फरक भागिले दोन्ही प्रमाण विचलनांची बेरीज. उत्तर १.२८ आलं म्हणजे दोन्ही बाजूंचे ९० टक्के नमुने एकमेकांवर चढत नाहीत, आणि उपप्रजातीचा उंबरठा म्हणून हाच आकडा रूढ आहे.

समजा एका लोकसंख्येत पंखाच्या शिरेची सरासरी लांबी ३.२० मिमी, प्रमाण विचलन ०.१०, दुसरीत ३.५० आणि ०.१२. फरक ०.३०, बेरीज ०.२२, गुणांक १.३६. उंबरठा ओलांडला. हाच फरक ०.२० असता तर गुणांक ०.९१ आला असता. दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का हे पाहणाऱ्या टी-चाचणीत मात्र दोन्ही वेळा फरक ‘लक्षणीय’ दिसला असता, कारण नमुने वाढवले की टी-चाचणी कुठलाही किरकोळ फरक लक्षणीय ठरवते. उपप्रजातीच्या दाव्यात नुसती पी-किंमत (अशा चाचणीतून येणारा लक्षणीयतेचा आकडा) दिलेली दिसली की तो दावा बाजूला ठेवावा.

नर आणि मादी कधीही एकत्र मोजू नका. प्रत्येक माप तीनदा घ्या, शक्यतो वेगळ्या दिवशी आणि लेबल झाकून. तिन्ही वाचनांतली तफावत दोन लोकसंख्यांमधल्या फरकाच्या जवळपास असेल, तर तो तुमच्या हाताचा फरक आहे. मोठा कीटक सगळीकडूनच मोठा असतो, त्यामुळे नुसत्या लांबीपेक्षा गुणोत्तर बरं.

गुणोत्तरावरही आंधळा भरवसा नको. सह्याद्रीतल्या काळ्या सातेरी मधमाशीला केरळमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये आपिस करिंजोडियन असं नवं नाव दिलं. पंखाच्या शिरांचं एक गुणोत्तर त्या मांडणीच्या मध्यभागी आहे, आणि पसारा गोव्यापासून केरळपर्यंत सांगितला आहे. सातेरीत उंचावर काळा आणि सखल भागात पिवळा रंग हा जुना अनुभव आहे, म्हणून ही प्रजाती की आपिस सेरानाचंच एक रूप यावर एकमत झालेलं नाही. हे प्रकरण पेटीतल्या पंखांवर सुटणार नाही. काळ्या आणि पिवळ्या वसाहती जिथे एकाच परिसरात आहेत तिथे राण्या कोणत्या नरांशी जुळतात, आणि पेशीकेंद्रातली जनुकं मिसळतात की नाही, हे पाहिल्यावरच सुटेल.

जननेंद्रियं: खरा फरक आणि काचेखालचा फरक

पोटाचं टोक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, फुलपाखरासाठी गरम पाण्यात भांडं ठेवून १० ते १५ मिनिटं, किंवा साध्या तापमानाला रात्रभर. थेट आचेवर उकळू नका, पातळ पडदे विरघळतात. मग पाण्याने धुऊन, अ‍ॅसेटिक आम्लाचा एखादा थेंब टाकून, ग्लिसरीनमध्ये उघडा.

घोटाळा होतो तो पुढे. काचपट्टीवर झाकणकाच दाबली की नराच्या जननेंद्रियाची बाजूची झडप पसरते आणि प्रत्येक नमुन्यात वेगवेगळी पसरते. दोन नमुन्यांतला ‘झडपेच्या टोकाच्या आकारातला फरक’ कितीदा तरी असा दाबातून आलेला असतो. चित्र काढेपर्यंत भाग ग्लिसरीनमध्ये सुटाच ठेवा, खाली जेलीचा किंवा कापसाचा टेकू द्या आणि प्रत्येक वेळी तोच कोन धरा. प्रत्येक बाजूचे किमान पाच नर उघडल्याशिवाय बोलू नका. काम झालं की भाग ग्लिसरीनच्या चिमुकल्या कुपीत, त्याच टाचणीवर.

एकाच जागी राहणाऱ्या दोन रूपांत जननेंद्रियांचा स्थिर फरक असेल तर ते प्रजातीचं भक्कम लक्षण. पण फरक नाही म्हणून एकच प्रजाती, असं उलटं म्हणता येत नाही.

बारकोड गोंधळात टाकतो तेव्हा

बारकोडसाठी वापरला जाणारा, मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातल्या) सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा आता सहज करून मिळतो, आणि दोन-तीन टक्क्यांच्या वर प्रजाती, खाली नाही, अशी सोयीची समजूत रुळली आहे. ती दोन्ही बाजूंनी फसवते. नुकत्याच वेगळ्या झालेल्या प्रजातींचा बारकोड सारखाच असू शकतो, आणि एकाच प्रजातीच्या दोन डोंगररांगांतल्या लोकसंख्यांत तो चार टक्के वेगळा निघू शकतो. पांढऱ्या माशीसाठी, बेमिसिया टॅबासीसाठी, ३.५ टक्क्यांची रेघ वापरतात; पण ती त्या गटातल्या अंतरांच्या आलेखात पडलेली खिंड पाहून काढली आहे. तोच आकडा उचलून भुंग्यांना लावायचा नसतो.

काही ठरलेल्या तक्रारी आणि त्यांची कारणं:

प्रथिनात भाषांतर केल्यावर मध्येच थांबा-संकेत (प्रथिन संपल्याची खूण) येतात. आधी सॉफ्टवेअरमध्ये सांकेतिक तक्ता पाचवा, म्हणजे अपृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियाचा, निवडला आहे का ते बघा. प्रमाण तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा, इथे त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन. तक्ता बरोबर असूनही थांबा येत असेल, किंवा क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे डीएनए वाचनाच्या आलेखात, एका जागी दोन शिखरं दिसत असतील, तर पेशीकेंद्रात घुसलेली जनुकाची जुनी प्रत वाचली गेली आहे. स्नायूंतून, जिथे मायटोकॉन्ड्रिया भरपूर असतात, पुन्हा डीएनए काढा आणि प्रायमर (वाचायचा भाग पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) बदला. टोळ आणि नाकतोड्यांमध्ये हा उपद्रव विशेष.

बारकोडप्रमाणे दोन गट, पण दिसण्यात आणि जननेंद्रियांत काहीच फरक नाही. किंवा उलट, दोन स्पष्ट वेगळ्या कीटकांचा बारकोड एकच. दोन्ही वेळा वोल्बाकिया तपासा. हा जिवाणू आईकडून अंड्यात जातो आणि आपल्याबरोबर तिचा मायटोकॉन्ड्रियाही लोकसंख्येभर पसरवतो. त्याच डीएनएवर वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जनुकाची पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून पाहायची चाचणी) केली की कळतं. जिवाणूची लागण आणि बारकोडचे गट तंतोतंत जुळत असतील, तर तुम्ही कीटकाचा नव्हे, जिवाणूचा इतिहास वाचत आहात.

म्हणून पेशीकेंद्रातली निदान दोन जनुकं सोबत हवीत: फुलपाखरांसाठी ईएफ-१ अल्फा आणि विंगलेस चालतात, डासांसाठी आयटीएस-२. एकाच जागच्या नमुन्यांत बारकोडचा गट आणि पेशीकेंद्राचा गट प्रत्येक वेळी जोडीनेच बदलत असतील तर मिसळ होत नाही. कुठलाही कुठल्याशीही दिसत असेल तर मिसळ चालू आहे.

संकर आणि गाणी

संकराचा प्रयोग करायचा तर चार जोड्या लावा: अ मादी ब नर, ब मादी अ नर, आणि तुलनेसाठी अ-अ, ब-ब. प्रत्येकी किमान दहा. नर-माद्या अक्षत हव्यात, कोशातून निघाल्यादिवशीच वेगळ्या केलेल्या. अंडी किती, उबली किती, प्रौढ किती, आणि त्या प्रौढांना पुढे पिल्लं झाली का, चारही आकडे लिहा.

एका दिशेने अंडी उबतात आणि उलट दिशेने उबत नाहीत, असं दिसलं तर लगेच ‘प्रजननदृष्ट्या विलग’ असं लिहू नका. क्युलेक्स पिपियन्स डासांमध्ये १९५० च्या दशकात लाव्हेन या संशोधकाला अशा वांझ जोड्या मोठ्या संख्येने मिळाल्या. १९७१ मध्ये त्यामागे वोल्बाकिया असल्याचं कळलं. टेट्रासायक्लिन देऊन जिवाणू काढा, दोन पिढ्या जाऊ द्या, पीसीआरने खात्री करा आणि मग तोच संकर पुन्हा लावा.

दुसरी मर्यादा मोठी आहे. बंद पिंजऱ्यात दुसरा पर्यायच नसल्यावर कीटक कुणाशीही जुळतात. त्यामुळे संकर झाला नाही हा पुरावा वजनदार, संकर झाला हा हलका. दोन्ही प्रकारचे जोडीदार एकत्र सोडून कोण कोणाला निवडतं हे पाहणं अधिक उपयोगाचं.

आपल्याकडे शेतकऱ्यांना मावा-तुडतुड्यांसाठी क्रायसोपा म्हणून जो मित्रकीटक दिला जातो, त्याचं प्रकरण या सगळ्याचा उत्तम नमुना आहे. वर्षानुवर्षं त्यावर क्रायसोपर्ला कार्निया हे युरोपातलं नाव चिकटलेलं होतं. कार्निया गटातले हे हिरवे, जाळीदार पंखांचे कीटक दिसायला इतके सारखे की किल्लीने वेगळे होत नाहीत. पण समागमाआधी नर-मादी एका फांदीवर बसून पोट वर-खाली थरथरवतात; पोट फांदीला टेकत नाही, तरी कंपनं पायांतून फांदीत उतरतात आणि दुसऱ्याला कळतात. दोघांनी एकच गाणं आळीपाळीने, ठेक्यात जुळवलं तरच पुढे जमतं. ठेका चुकला तर काही नाही. म्हणजे या गटात प्रजातीची सीमा गाण्यातच आहे.

२०१० मध्ये भारतीय क्रायसोपाचं गाणं ध्वनिमुद्रित करून ताडून पाहिलं गेलं. ते कार्नियाशी जुळेना. जुळलं दक्षिण आफ्रिकेतल्या क्रायसोपर्ला झास्ट्रोवीशी. गाणं एक, म्हणून प्रजाती एक. पण दक्षिण आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेपासून भारतापर्यंतचे कीटक दिसण्यात थोडे वेगळे, आणि भूगोलाने तुटलेले, म्हणून उपप्रजाती दोन. झास्ट्रोवी हे नाव १९२८ चं, सिलेमी १९३५ चं. जुनं नाव प्रजातीला मिळालं, आणि आपला कीटक झाला क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी. प्रजातीचा निर्णय गाण्यावर आणि उपप्रजातीचा भूगोलावर, असे दोन वेगळे प्रश्न दोन वेगळ्या पुराव्यांनी सोडवलेले क्वचितच इतके स्वच्छ दिसतात.

मध्ये समुद्र असेल तर

भेटतच नाहीत, तर भेटल्यावर काय होईल हे कसं सांगणार? इथे नैसर्गिक चाचणी नाही, अंदाजच आहे. कमीत कमी वाईट पद्धत अशी: त्याच जीनसमधल्या, एकाच जागी राहणाऱ्या आणि म्हणून निर्विवाद वेगळ्या दोन भावंड-प्रजाती शोधा. त्यांच्यात जननेंद्रियं, अळी, खाद्यवनस्पती, जनुकं यांत किती फरक आहे ते मोजा, आणि तुमच्या जोडीतला फरक त्याच्याशेजारी ठेवा. साधारण तेवढाच किंवा जास्त असेल तर प्रजाती, बराच कमी असेल तर उपप्रजाती.

पश्चिम घाट आणि श्रीलंका यांच्यात अशा जोड्या भरपूर आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. ब्लू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू, श्रीलंकेत पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर परिंडा या उपप्रजातीच्या रूपात आहे. सह्याद्री लेसविंग हे फुलपाखरू मात्र आधी श्रीलंकेच्या सेथोसिया नीटनेरीची उपप्रजाती होती, आता सेथोसिया महरट्टा ही स्वतंत्र प्रजाती धरतात. ब्लूबॉटलच्या बाबतीत रेघ वेगळीकडेच पडली: दक्षिण भारत आणि श्रीलंका दोन्हीकडचं ग्राफियम टेरेडन एकत्र राहिलं आणि उत्तरेकडच्या सार्पेडनपासून वेगळं झालं. म्हणून ‘श्रीलंकेतलं म्हणजे उपप्रजाती’ असा सरसकट नियम लावणाऱ्या याद्यांवर विसंबू नये.

पुरावा दोन्हीकडे सारखाच असेल तर सध्याचा दर्जा बदलू नका. कीड किंवा रोगवाहकाच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळा.

नाव बदलताना होणाऱ्या चुका

उपप्रजातीला प्रजाती केलं तरी मूळ नाव देणारा आणि वर्ष तेच राहतं. महरट्टा हे मूर या कीटकशास्त्रज्ञाचं, १८७२ चं, आजही तसंच. तुमचं नाव तिथे येत नाही. नाव देणाऱ्याभोवती कंस फक्त जीनस बदलला तर येतो, दर्जा बदलला म्हणून नाही.

एक उपप्रजाती मानली की दुसरी आपोआप तयार होते, मूळ प्रजातीचंच नाव दोनदा लावून. एकुलती एक उपप्रजाती असू शकत नाही.

१९६० नंतर ‘व्हरायटी’ किंवा ‘फॉर्म’ म्हणून दिलेली नावं नामकरण संहितेच्या कक्षेबाहेर आहेत. त्याआधीची बहुतेक उपप्रजातीच्या दर्जाची धरली जातात. म्हणून नवं नाव द्यायच्या आधी जुन्या ‘व्हरायट्या’ चाळाव्याच लागतात, नाहीतर शंभर वर्षं जुनं नाव उपलब्ध असताना तुमचं नाव जन्मतःच समानार्थी, म्हणजे बाद, ठरतं. नवं नाव द्यायचंच ठरलं तर नमुना-प्रकार (नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना) एकच निश्चित करा, आणि निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर आधी झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद करा. भारतातल्या नव्या कीटकाचा नमुना जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे अधिकृत भांडारात जमा करावा लागतो. कीटकांसाठी ते सहसा कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण.

निकाल लागेपर्यंत पेटीवर काय लिहायचं? बहुधा अमुकच, पण तपासायचं बाकी, असं असेल तर जीनस आणि प्रजाती यांच्यामध्ये ‘सीएफ.’. अमुकच्या जवळचं पण ते नव्हे, अशी खात्री असेल तर ‘एएफएफ.’. प्रजाती पक्की आणि उपप्रजातीची शंका असेल तर दोनच शब्द लिहा आणि थांबा. तिसरा शब्द गावाच्या नावावरून अंदाजाने भरू नका. आणि जुनं लेबल काढून टाकू नका, नवं त्याच्या खाली, तारखेसकट टोचा.